मोहफुलाची पारख

आज दारूविषयी बोलायचं आहे, पण नेहमीसारखं नाही. दारूने घर कसं बसतं, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाईला कुणी सांगायची गरज नाही. आज बोलायचं ते पारखीविषयी. चांगलं कोणतं, वाईट कोणतं, काय घ्यावं आणि काय परत करावं, हे ठरवणारं नाक आणि जीभ कुणाची? आणि ते ठरवायचा हक्क कुणी, केव्हा, कुणाकडून काढून घेतला? आम्ही जे वाचलं, जाणत्या बायांकडून जे ऐकलं, ते एकत्र करून सांगतो आहोत.

सुरुवात आपल्या जंगलापासून लांब, नाशिकपासून करू. आपल्या राज्यात द्राक्षांपासून वाईन बनते, हे तुम्ही ऐकलं असेल. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रान्सची पद्धत वापरून फेसाळ वाईन बनू लागली. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी नाशिकजवळ द्राक्षमळे आणि वाईनचे कारखाने उभे राहिले. २००१ साली राज्य सरकारने या उद्योगासाठी खास धोरण आणलं आणि करात सवलती दिल्या. आता तिथे शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी जातात आणि वाईन कशी निवडावी, कशी चाखावी, हे पैसे देऊन शिकतात.

काय शिकवतात तिथे? पेला पांढऱ्या कागदासमोर धरायचा आणि रंग बघायचा. मग पेला हलकेच गोल फिरवायचा, म्हणजे वास वर येतो. नाक पेल्याजवळ नेऊन वास घ्यायचा. मग एक घोट तोंडात घोळवायचा. गोड किती, आंबट किती, तुरट किती, गिळल्यावर चव किती वेळ राहते, ते बघायचं. बरेच पारखी तर घोट गिळतही नाहीत, थुंकून टाकतात. कारण दहा प्रकार चाखायचे आणि डोकं ताळ्यावर ठेवायचं, तर प्यायचं नसतं. विकत घेताना बाटलीवरची चिठ्ठी वाचायची: द्राक्ष कोणतं, माती कुठली, वर्ष कोणतं. वर्ष का, तर एखाद्या साली पाऊस अवेळी आला की द्राक्षाची गोडी बिघडते आणि वाईनही बिघडते. महाग ती चांगली, असं धरून चालायचं नाही. दोन-तीन शेजारी ठेवून चाखल्या म्हणजे जीभ हळूहळू शिकते.

आता यातलं आपल्याला नवीन काय आहे, सांगा?

मोह वेचणारी बाई हेच सगळं करते, फक्त पेला नसतो. फागुन सरता सरता मोह गळायला लागतो. रात्री गळायला सुरुवात होते, पहाटे जोर असतो, ऊन चढलं की थांबतो. ताजं फूल पिवळट पांढरं, रसाने टच्च भरलेलं. वाळलं की तांबूस तपकिरी होतं. बाजारात पोत्यात हात घालून मूठभर फूल काढलं की जाणती बाई आधी रंग बघते. काळं पडलेलं असेल तर ते ओलं राहिलं, किंवा पावसात सापडलं. मग बोटांनी दाबते. चिकट पण सुटं असलं पाहिजे. गोळा होत असेल तर आत ओल आहे. मग वास. चांगल्या वाळलेल्या मोहाला गोड, जड वास असतो. आंबूस वास आला की ते पोतं पावसाळ्याआधीच खराब होणार. मग एक फूल दाताखाली. कचकच लागली तर वाळू आली. सारवलेल्या अंगणात वाळवलेलं फूल आणि रस्त्याच्या कडेला वाळवलेलं फूल यांतला फरक दाताला लगेच कळतो.

आणि झाडाचं काय! नाशिकचा माणूस सांगतो की हे द्राक्ष अमुक मळ्याचं. आपल्या बायांना गावातली झाडं एकेक करून माहीत असतात. हे झाड लवकर गळतं, ते उशिरा. याचं फूल बारीक पण गोड, त्याचं मोठं पण पाणचट. कोणत्या झाडाचं फूल खायला ठेवायचं आणि कोणतं विकायचं, हे घरात आजीने सांगितलेलं असतं. वर्षाचंही तसंच. मोहाच्या दिवसांत आभाळ राहिलं, वादळवारा झाला, गारपीट झाली, की त्या सालचा मोह गेला. ही पारख कोणत्या शाळेत शिकवत नाहीत, म्हणून तिला कुणी विद्या म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे, कारण त्यावरच पुढचा सगळा घोळ उभा आहे. मोह म्हणजे दारू नव्हे. मोह हे आधी अन्न आहे. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. फूल उकडून खातात, भाजून खातात, कुटून पिठात मिसळून भाकरी करतात, लाडू वळतात, जनावरांना घालतात. फुलानंतर येणाऱ्या टोळीचं तेल निघतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांताच्या जंगलपट्टीत माणसं तगली, त्यात मोहाचा वाटा मोठा होता. म्हणून तर जंगल तोडून शेत केलं तरी मोहाचं झाड शेतात उभं ठेवतात.

आणि हो, मोहाची दारूही होते. फूल पाण्यात भिजवून आंबवतात आणि मग चुलीवर भांडी रचून वाफ गाळतात. वाईनमध्ये आणि हिच्यात मोठा फरक इथेच. वाईन फक्त आंबवलेली असते, गाळलेली नसते. म्हणून तिच्यात नशा साधारण शंभरात बारा-तेरा भाग. गाळलेल्या दारूत ती कितीतरी जास्त होऊ शकते. आपल्याकडे वाईनच्या जवळचं काही असेल तर ते भामरागडकडचा गोरगा. झाडातून निघतो, आपोआप आंबतो आणि त्याच दिवशी संपवावा लागतो. मोहाची पहिली धार गोंड-माडिया घरांत देवाला जाते, पूर्वजांना जाते. जन्म, लग्न, मरण, नवं पीक, या प्रत्येक वेळी ती लागते. ती रोज संध्याकाळी कोपऱ्यात बसून प्यायची वस्तू नव्हती. मोह वेचणं, वाळवणं, राखणं बायांकडे होतं. त्यामुळे दारूसाठी किती फूल काढायचं आणि पावसाळ्यासाठी किती ठेवायचं, यावर त्यांचा धाक होता. सगळं सोन्यासारखं होतं असं आम्ही म्हणत नाही. पण माप घरातल्या टोपलीचं होतं.

हे माप सरकारच्या हातात कसं गेलं?

इंग्रजांना दारूतून महसूल हवा होता. घरोघर गाळलेल्या दारूवर कर लावता येत नाही. म्हणून घरची भट्टी बंद करायची आणि परवान्याची भट्टी चालवायची. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क ठेकेदाराकडे गेला. तरी ठाणे-कुलाब्याच्या जंगलात लोक गुपचूप गाळतच राहिले, कारण फूल दारात पडत होतं. मग सरकारने फुलालाच पकडलं. १८९२ साली खास मोहफुलांसाठी एक कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफूल जवळ बाळगणं, विकणं, नेणं-आणणं यावर त्याने बंधनं घातली. झाडावरून गळालेलं फूल घरात सापडलं तर गुन्हा! लोकांनी सांगितलं की हे आमचं अन्न आहे, गुराढोरांचं खाणं आहे. तरी कायदा झालाच. आणि त्याच काळात उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मुंबईसाठी दारू गाळली जात होती, ती कशाची? मोहफुलांचीच. ठेकेदाराच्या वखारीतला मोह हा व्यापार, आणि वारल्याच्या, कातकऱ्याच्या झोपडीतला मोह हा गुन्हा.

आपला मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. चांदा जिल्हा नागपूरच्या भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि मध्य प्रांतात आला. तिथला कायदा वेगळा, पण पद्धत त्याच जातीची. दारूचा ठेका लिलावात जायचा. ज्याने ठेका जास्त बोलीने घेतला, त्याला तो पैसा वसूल करायचा असायचा. म्हणजे जितकं जास्त पाजेल तितकं बरं. देवाला धार देणाऱ्या माणसाला उधारीवर बाटली देणारा दुकानदार भेटला, तो असा. आमच्या मते आपल्या भागातल्या दारूच्या दुखण्याची मुळी इथे आहे. आदिवासी मुळातच पितात, असं जे सहज बोललं जातं, ते हा इतिहास माहीत नसल्याने बोललं जातं.

दारू सोडायचं एक मोठं आंदोलनही आदिवासींनीच केलं होतं. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी अंगात येण्याची लाट उठली आणि दक्षिण गुजरातेत पसरली. देवी म्हणायची, दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्या जमीनदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो माणसांनी ऐकलं. घरची धार सोडणं त्यांना जड गेलंच असेल, पण त्यामुळे दारूवाल्याचा धंदा बसला, हेही खरं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यातही मोहफुलासाठी वेगळी कलमं होती आणि नियमही झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि काही वर्षांत तो कायदा आपल्यालाही लागू झाला. पुढे राज्यात परवान्याची दारू परत आली. गावोगाव दुकानं निघाली, ती थेट बाटलीबंद दारूची. फुलावरची बंधनं मात्र तशीच राहिली. हा उलटा न्याय बघा: बाटली कायदेशीर, फूल संशयित. मोहाचं पोतं बाजारात नेताना बाई घाबरायची, आणि घाबरलेल्या बाईला व्यापारी भाव देत नाही. मग तेच फूल वेचणीच्या दिवसांत मिठा-मिरचीच्या बदल्यात जायचं आणि पावसाळ्यात दुप्पट पैशाने तिच्याच दारात परत यायचं.

आता आपल्या हाताने घडवलेल्या इतिहासाकडे येऊ. तो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला आहे, म्हणून थोडक्यात. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चांद्यापासून वेगळा झाला. १९८८ च्या सुमाराला तिथे दारूमुक्तीची चळवळ सुरू झाली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, आदिवासी कार्यकर्ते आणि शेकडो गावं त्यात होती. गावं ठराव करू लागली आणि १९९३ साली सरकारला सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी करावी लागली. ती आजही आहे. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि ‘श्रमिक एल्गार’ यांच्यासोबत बाया उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधानसभेवर पायी मोर्चा गेला. थंडीच्या दिवसांत, लेकरं घरी ठेवून. ग्रामपंचायतींनी शेकड्याने ठराव दिले. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात दारूबंदी झाली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. कारण दिलं की अवैध दारू वाढली आणि महसूल बुडाला. अवैध दारू होती, हे खोटं नाही. पण कायदा पाळला जात नाही म्हणून कायदाच काढायचा, हे आम्हाला पटलेलं नाही. आणि महसुलाचं म्हणाल, तर तो शब्द १८७८ पासून ऐकतो आहोत.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. दारूबंदीच्या धाडीत आपण मडकी फोडली, सडवा ओतून दिला. कितीतरी गावांत ते मडकं एका बाईचंच होतं. नवरा गेलेली, शेत नसलेली, चार लेकरांची. मोहाची दारू गाळून विकणं हाच तिचा रोजगार होता. चळवळीतल्या बाईने तिला शत्रू मानलं, आणि तिने चळवळीतल्या बाईला. दोघींच्याही घरात दारूने मार बसलेला. या भांडणात फायदा झाला तो तिसऱ्याचाच. शेजारच्या जिल्ह्यातून, राज्याच्या हद्दीपलीकडून रात्री पेट्या येऊ लागल्या आणि सडका गूळ-नवसागराची भट्टी जंगलात गेली. त्या दारूला देव नाही, ऋतू नाही, फुलाची पारखही नाही. गाळणाऱ्याला फक्त जळजळ हवी असते. मोहाचं फूल ओळखणारी बाई ती दारू नाकाजवळही धरणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की दारूशी भांडताना मोहाशी भांडू नये. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येतात. कायद्यानेही त्या एकत्रच ठेवल्या आहेत, हे फार कमी जणींना माहीत आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. म्हणजे गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग. त्यात ग्रामसभेचे अधिकार ओळीने दिले आहेत. पहिला, नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन यांवर नियंत्रण ठेवण्याचा. त्याला लागून दुसरा, गौण वनोपजाच्या मालकीचा. पुढे गावच्या बाजारावर आणि सावकारीवर लक्ष ठेवण्याचा. दारू, फूल, बाजार आणि सावकार, चारही एकाच कलमात! ज्याने ते लिहिलं, त्याने मोह वेचणाऱ्या बाईचं वर्ष जवळून पाहिलं होतं की काय, असं वाटतं. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्या गावांत ते एक. तिथे बांबू गाजला, पण हक्क मोहालाही तोच आहे.

जिथे पेसा नाही, तिथे आडवी बाटली आहे. गावातल्या बायांनी अर्ज केला तर दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, यावर मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, आणि तीही मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतल्या नावांच्या निम्म्याहून जास्त. म्हणून मतदानाच्या दिवशी एकही बाई घरी राहता कामा नये.

गेल्या काही वर्षांत मोहाचं नशीब पालटायला लागलं आहे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफूल गोळा करणं, साठवणं आणि नेणं-आणणं यावरचे जुने निर्बंध काढले. १८९२ पासून मोजा. त्याच वर्षी छत्तीसगडच्या कोरबा भागातलं वाळलेलं मोहफूल जहाजाने फ्रान्सला गेलं, वाईनच्या देशाला! मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारसा-मद्य असं मोठं नाव दिलं आणि आदिवासी बचत गटांना भट्टीची परवानगी दिली. आपल्या राज्याने २७ जानेवारी २०२२ ला मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला द्यायचं ठरवलं. त्यावर राज्यभर वाद झाला आणि ते प्रत्यक्षात आलं नाही. वाईन ही दारू नव्हेच, असं तेव्हा काही जण म्हणाले. शेतकऱ्याचं पीक आहे, म्हणाले. द्राक्ष पीक, मग मोह काय? आणि वाईनमध्ये नशा नाही म्हणणाऱ्याने ती कधी चाखलेली नसावी.

मोहाची वारसा-दारू आपल्याकडे यावी की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. काही जणी म्हणतात, घरची वस्तू आहे, रोजगार मिळेल. काही जणी म्हणतात, इतक्या वर्षांनी बंद केलेलं दार पुन्हा उघडू नका. पण यावर सगळ्यांचं एकमत आहे की तो निर्णय मुंबईच्या टेबलावर नव्हे, ग्रामसभेत झाला पाहिजे, आणि तिथे मोह वेचणाऱ्या बाया बसलेल्या पाहिजेत.

तोवर फूल तर आपल्या हातात आहे. यंदा मोह गळण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळू नका. झाडून काढा, नाहीतर आग जंगलात जाते. जमेल तिथे झाडाखाली जाळी बांधा, म्हणजे माती लागत नाही. खाण्याचं फूल वेगळं वाळवा, विकायचं वेगळं. गटाने मिळून पावसाळ्यापर्यंत साठवलं तर भाव आपण सांगू शकतो, पण साठवायचं पोतं पूर्ण कोरडं हवं. व्यापाऱ्याने मुठीत फूल घेऊन नाक मुरडलं, तर त्याच्याच समोर तुम्हीही एक फूल दाताखाली धरा आणि काय लागतं ते मोठ्याने सांगा. टोळीची आणि तिच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. ती पुढच्या वेळी.